आरमध्ये दोन तक्त्यांच्या सगळ्या जोड्या लावताना या चुका टाळा

श्रीवर्धन, हर्णे, जयगड, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ला. कोकणातल्या मासळीच्या नोंदींचा तक्ता मी या सात बंदरांवर सुरू केला. प्रत्येक बंदरापुढे बारा महिने, म्हणजे 84 ओळी. त्यासाठी आर (R) या आकडेवारीच्या संगणकभाषेत बंदरांचा आणि महिन्यांचा असे दोन्ही तक्ते 'रेप' (पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या) फंक्शनने वाढवले आणि शेजारी शेजारी जोडले. सगळं बरोबर आलं. पुढे सातपाटी आणि अलिबाग वर घातली आणि तोच कोड पुन्हा चालवला. नऊ गुणिले बारा, 108 ओळी. आकडा जुळला म्हणून मी पुढे गेलो. आलेख काढला तेव्हा हर्णेला चारच महिने दिसले: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आणि प्रत्येक तीन-तीनदा.

ही चूक सगळ्यात घातक आहे, कारण आर इथे एक शब्दही बोलत नाही. मी दोन्हीकडे 'टाइम्स' वापरलं होतं, म्हणजे दोन्ही याद्या आपापल्या क्रमाने फिरत राहिल्या. 7 आणि 12 यांना 1 सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे फिरता फिरता सगळ्या 84 जोड्या आपसूक लागल्या. 9 आणि 12 यांना 3 ने भाग जातो, त्यांचा लसावि 36. म्हणजे 36 वेगळ्या जोड्या झाल्या की तेच चक्र पुन्हा सुरू. बरोबर रीत अशी: एका तक्त्याच्या ओळ-क्रमांकांना 'ईच' लावायचं (प्रत्येक बंदर सलग बारा वेळा), दुसऱ्याच्या क्रमांकांना 'टाइम्स' (बारा महिन्यांची यादी नऊ वेळा), आणि मग त्या क्रमांकांनी ओळी उचलायच्या. ही पद्धत वेगवानही आहे, कारण जुळवाजुळव आकड्यांची होते आणि रकाने एकदाच उचलले जातात.

म्हणून नुसत्या ओळी मोजून थांबू नका. बंदर आणि महिना हे दोनच रकाने घ्या, 'युनिक' (दुहेरी ओळी काढणारं फंक्शन) लावा आणि तिथेही 108 येतात का बघा. तक्ते शेजारी शेजारी चिकटवणाऱ्या 'सीबाइंड'नेही असाच दगा होतो. सहा ओळींचा तक्ता बारा ओळींच्या तक्त्याला चिकटवला, तर आर सहाच्या ओळी मुकाट्याने दोनदा वापरतो.

बंदरांच्या नावांचा वेगळाच त्रास आहे. एका वहीत 'हर्णे', दुसरीत 'हर्णै', तिसरीत नावाच्या शेवटी एक रिकामी जागा. बंदर एकच, पण महिन्यांशी जोड्या लावल्या की बाराऐवजी छत्तीस ओळी होतात. नावं आधी साफ करा, जोड्या नंतर लावा.

आता फंक्शनं. मूळ आरमधल्या 'मर्ज' या जोडणीच्या फंक्शनला 'बाय' मध्ये (कोणत्या रकान्यांवर जुळवायचं ते सांगायची जागा) 'नल', म्हणजे काहीच नाही, दिलं की दोन डेटा फ्रेमच्या (आरमधल्या तक्त्यांच्या) सगळ्या जोड्या मिळतात. 'बाय' लिहायचं विसरलात तर मात्र 'मर्ज' सारख्या नावाचे रकाने शोधतो. दोन्हीकडे 'तालुका' असेल तर फक्त तालुक्यावर जुळणाऱ्या ओळी येतात. याच्या उलटही होतं आणि ते जास्त महागात पडतं. साधी जोडणी करायची असते, पण एकीकडे रकाना 'बंदर' आणि दुसरीकडे 'बंदराचे नाव'. सामाईक नाव सापडत नाही, आणि 'मर्ज' काही न सांगता सगळ्या ओळी सगळ्यांशी जोडून टाकतो. मशीन अचानक गुदमरलं तर पहिला संशय इथे घ्या. माझं मत स्पष्ट आहे: 'बाय' प्रत्येक वेळी हाताने लिहावं.

'एक्सपांड डॉट ग्रिड' तक्ते घेत नाही, सुट्या याद्या घेतं, आणि अक्षरी मजकुराचा फॅक्टर करून टाकतं, म्हणजे प्रत्येक वेगळ्या मजकुराला आतून 1, 2, 3 असा क्रमांक देतं. 2020 साली आर 4.0.0 मध्ये डेटा फ्रेमची ही सवय गेली, पण या फंक्शनची राहिली. आपल्याकडे पावसाळी बंदी उठली की हंगाम ऑगस्टपासून मोजतात. महिने '08', '09' असे अक्षरी लिहून या क्रमाने दिले आणि नंतर 'अॅज न्यूमेरिक' (आकड्यात बदलणारं फंक्शन) लावलं, तर ऑगस्टचा 1 होतो. पुढच्या आलेखात नारळी पौर्णिमा जानेवारीत! 'स्ट्रिंग्ज अॅज फॅक्टर्स' बंद करायला विसरू नका.

टायडीआर, डीप्लायआर आणि डेटा टेबल ही आरला जोडायची पॅकेजेस. टायडीआरचं 'क्रॉसिंग' दुहेरी ओळी काढतं आणि क्रमही लावतं. 'एक्सपांड ग्रिड' (मधे टिंब नसलेलं, अंडरस्कोरचं) दोन्ही करत नाही आणि अख्खे तक्ते घेतं. डीप्लायआर वापरत असाल तर 2023 च्या 1.1.0 आवृत्तीपासून 'क्रॉस जॉइन' आहे, ते घ्या. डेटा टेबलचं 'सीजे' झपाट्याने चालतं, पण तेही सुट्या याद्यांवर आणि आपणहून क्रम लावून. त्याला दोन्ही तक्त्यांचे ओळ-क्रमांक द्या आणि त्या क्रमांकांनी तक्ते उचला. आणि फिरत्या लूपमध्ये 'आरबाइंड' (तक्त्याखाली ओळी जोडणं) करू नका. प्रत्येक फेरीत आधीचा सगळा तक्ता नव्याने नकलला जातो.

मोठ्या तक्त्यांआधी गुणाकार करून पाहायचाच, पण तिथेही खड्डा आहे. 50,000 लिलाव-नोंदी स्वतःशीच जोडायच्या तर 250 कोटी ओळी. 'एनरो' (ओळींची संख्या) गुणिले 'एनरो' केलं की आर इशारा देऊन 'एनए' (किंमत नाही) दाखवतो, कारण पूर्णांकाची मर्यादा 2,14,74,83,647 आहे. आधी 'अॅज न्यूमेरिक' करा, मग गुणा. दशांश आकड्याला 8 बाइट लागतात, म्हणजे अशा एका रकान्यालाच 20 जीबी. डेटा टेबलने 'अलाऊ कार्टेशियन' (इतक्या जास्त ओळी होऊ देण्याची परवानगी) मागत जोडणी अडवली, तर लगेच 'ट्रू' लिहून मोकळे होऊ नका. बहुतेक वेळा किल्लीच्या (ज्यावर जुळवायचं त्या) रकान्यात दुहेरी नोंदी असतात. त्या आधी शोधा.

बऱ्याचदा सगळ्या जोड्यांची गरजच नसते. होडी किनाऱ्याला लागली ती वेळ आणि तिच्या सगळ्यात जवळची भरती, एवढंच हवं आहे समजा. आपल्याकडे दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वर्षाला 705 च्या आसपास भरत्या. 50,000 नोंदींशी सगळ्या जोडल्या तर साडेतीन कोटी ओळी, आणि ठेवायच्या फक्त 50,000. डेटा टेबलची 'रोल' जोडणी 'निअरेस्ट' सांगून हे थेट करते. बंदरं आणि बर्फाचे कारखाने यांतली अंतरं हवी असतील तर 'आउटर' (दोन याद्यांच्या प्रत्येक जोडीवर फंक्शन लावणारं) पुरे. फक्त त्याला दिलेलं फंक्शन एकावेळी अख्खी यादी घेणारं हवं, नाहीतर मापं जुळत नाहीत म्हणून ते थांबतं.

राहिलं एक. बंदर-महिन्याचा पूर्ण सांगाडा आपण यासाठीच करतो, की वहीत फक्त मासळी उतरली त्याच दिवसांच्या ओळी असतात. सांगाड्याला नोंदी जोडल्या की रिकाम्या जागी 'एनए' येतं, आणि हात लगेच शून्य भरायला जातो. यांत्रिक होड्यांच्या तक्त्यात 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तिथलं शून्य खरं आहे. पण देवगडच्या नोव्हेंबरमध्ये 'एनए' असेल तर बहुधा वहीचं पान हरवलेलं असतं. तिथे शून्य भरलंत तर बांगड्याची सरासरी खाली येते आणि त्या गावाला मासळीच मिळाली नाही असं कागदावर उमटतं. सांगाड्यात 'बंदी' असा एक रकाना ठेवा. जिथे तो 'ट्रू' तिथे शून्य भरा, बाकीचे 'एनए' तसेच राहू द्या.