नोकरी सोडून फिजिओथेरपीला जाताय? या चुका टाळा (यातल्या निम्म्या मी केल्यात)

मी चाळीसगावचा. मेकॅनिकल करून चाकणला सात वर्षं कंपनीत काढली आणि आता एकतिसाव्या वर्षी बीपीटीएचच्या (फिजिओथेरपीची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे, वर्गातली पोरं दादा म्हणतात, एकदोघं तर चुकून सर म्हणतात. गावाकडे पहिला प्रश्न आला, "तुले येड लागनं का?" वयाचं टेन्शन आधी काढून टाका, आपल्याकडे फिजिओलाही मेडिकलचीच नीट परीक्षा लागते आणि तिची वरची वयोमर्यादा 2022 लाच गेली. गाडी अडते ती दहा-बारा वर्षांपूर्वी आपण काय करून ठेवलंय तिथे.

पहिलं म्हणजे बारावीचं मार्कशीट काढा आणि बायोलॉजी आहे का बघा. हसू नका, माझ्या मित्राने बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, इंजिनीअरिंगला जायचं म्हणून, आणि हे त्याला क्लासची फी भरल्यावर आठवलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी लागतंच. बायो नसेल तर बोर्डाकडून तो एक विषय नंतर देता येतो, 2023 मध्ये वैद्यकीय आयोगाने अशा मुलांना नीट द्यायला परवानगी दिली. पण ती एमबीबीएसच्या अंगाने आहे, फिजिओसाठी सीईटी सेलची (राज्यातले प्रवेश बघणारं सरकारी कार्यालय) त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

दुसरी भानगड खास आपल्याकडची. खान्देशातली अर्धी घरं सुरतला. वडील उधन्याला कामाला, पोरगं दहावीपर्यंत तिकडे शिकलं, बारावी अमळनेरला केली, आणि त्याला वाटतं डोमिसाईल काढलं की झालं. राज्याच्या कोट्याला साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, त्यामुळे डोमिसाईल हातात असूनही माणूस बाहेर बसू शकतो. सवलती आहेत, पण त्या कोणाला लागू होतात ते फॉर्म भरायच्या आधीच बघा.

कागदांचं तर विचारूच नका. नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी, गॅपचं ॲफिडेव्हिट, जुन्या कॉलेजात अडकलेला दाखला... पडताळणीला महिने जातात, त्यामुळे अभ्यास सुरू करायच्या आधीच फाईल टाका. लग्न झालेल्या बायकांनी नावाकडे जास्त लक्ष द्यायचं, माझ्या आतेबहिणीचं मार्कशीट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, दोन महिने त्यातच गेले.

आता अभ्यास. इथे मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. नीटला 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोचे, आणि मी कंपनीतून आलो की रोज फिजिक्स सोडवत बसायचो कारण ते येत होतं आणि येतंय म्हणून बरं वाटत होतं. चार महिने गेले तेव्हा कळलं की मी अभ्यास नाही, करमणूक करतोय. मग एनसीईआरटीचं बायो ओळ न ओळ वाचलं, स्टेट बोर्डवाल्यांनी तर ते पुस्तक सोडूच नये. (मेकॅनिकल वाया गेलं नाही म्हणा, बायोमेकॅनिक्सला तरफ आणि टॉर्क आला की पोरं माझ्याकडे वह्या घेऊन येतात.)

आणि हे काम नक्की काय असतं ते न बघता जाऊ नका. मला वाटायचं मशीन लावायचं, शेक द्यायचा, झालं. भुसावळला एका क्लिनिकमध्ये परवानगी काढून महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसलो. लकवा झालेले एक बाबा खाटेवरून नुसते उठून बसायला पंधरा दिवस झटत होते, आणि मॅडम रोज तेच, तसंच, न चिडता करून घेत होत्या. केळीचे घड वाहून कंबर गेलेला सावद्याचा एक मजूर यायचा, त्याला आराम कर म्हणणं सोपं, पण तो आराम केल्यावर खाणार काय? अमेरिकेत डीपीटीला (तिकडची फिजिओथेरपीची पदवी) जाणाऱ्यांकडून बरीच कॉलेजं असे निरीक्षणाचे तास मोजून घेतात. आपल्याकडे कोणी मागत नाही, तरी करा. तिथे कंटाळा आला तर पाच वर्षं वाचली समजा.

हो, पाच. आतापर्यंत चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप असं होतं, 2025 च्या नव्या केंद्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिपच वर्षभराची आहे. सरकारी आणि महापालिकेच्या जागा मोजक्या, मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं मेडिकल ही त्यातली नावं, म्हणजे आपल्यातले बहुतेक खाजगीतच जाणार. फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत बघा आणि पहिल्या पदवीला स्कॉलरशिप घेतली असेल तर दुसऱ्यांदा मिळेलच असं धरून घरी हिशेब सांगू नका.

राजीनाम्याची घाई तर अजिबात नको. नीट मे महिन्यात, निकाल जूनमध्ये, पण फिजिओचे प्रवेशाचे राऊंड एमबीबीएसच्या मागे रखडत चालतात. मी जूनमध्येच नोकरी सोडून घरी आलो आणि ॲडमिशन होईपर्यंत कपाशी वेचायची वेळ आली. मजूर मिळत नव्हते, आप्पा खूश होते.