शेजारचे पडके घर: या चुका टाळा

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, एक बंद घर आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी आढ्याजवळची दहाबारा मंगळुरी कौले सरकली आणि वर चढायला कोणी नव्हते. आज तिथून आभाळ दिसते, सोप्यावर पेरू उगवलाय आणि आमच्या बाजूची मातीची भिंत पोट काढून उभी आहे. या घरापायी आम्ही वाड्यावरच्यांनी बऱ्याच चुका केल्या.

पहिली म्हणजे ‘ते घर कोणाचेच नाही’ असे धरून चाललो. गोव्यात बहुतेक पडक्या घरांचे दुखणे उलटे असते, मालक जास्त झालेले असतात. इथल्या नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामायिक, मुलगा-मुलीला सारखा वाटा. दोन पिढ्यांत वाटेकऱ्यांची जत्रा जमते. एक मुंबईत, एक लंडनमध्ये, एकाचा पत्ताच नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारस ठरवून वाटणी, झालेली नसते, म्हणून कौलांचा खर्चही कोणी उचलत नाही. तेव्हा आधी सर्व्हे नंबर शोधून एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा म्हणा) काढा. शहरात त्याऐवजी फॉर्म डी. त्यावर बहुधा वारलेल्या आजोबांचेच नाव निघेल. तिथे थांबू नका, पंचायतीत घरपट्टी कोण भरतो ते विचारा. उताऱ्यावर मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याची, नोंद आहे का तेही बघा. असेल तर प्रकरण भाटकाराशी बोलून मिटत नाही, कारण 1975 च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण आहे.

आणि चतुर्थी चुकवू नका. बंद घराचा गणपती आता चुलत्याकडे बसत असला तरी मंडळी येतातच. आम्ही दोन वर्षे कुरियरने पत्रे पाठवली, सगळी परत आली. तिसऱ्या वर्षी आरतीनंतर त्या घरच्या काकांना मोबाईलवर भिंतीचा फोटो दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “ह्या खोलीत माझा जन्म झाला.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंत बघायला आले.

दुसरी चूक तोंडी तक्रारीची. पंचाला रस्त्यात गाठून सांगितले की आपल्याला वाटते, काम झाले. अर्ज लेखी द्या, सोबत फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर वर्षभराने तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असे ऐकावे लागते. मी ऐकले आहे. झाडी, कचरा यांसाठी पंचायत किंवा पालिका ठीक. पण भिंत रस्त्यावर किंवा तुमच्या घरावर पडेल अशी असेल तर सोबत उपजिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करा. धोकादायक इमारत दुरुस्त करण्याचा किंवा पाडण्याचा आदेश ते कार्यकारी दंडाधिकारी म्हणून देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली होते; 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 लागू आहे. अर्ज मार्च-एप्रिलमध्येच द्या. जूनमध्ये दिलात तर भिंत आधी पडेल, नोटीस मागाहून येईल.

मातीच्या भिंतीचा जीव छपरात असतो. कौल गेले की पाणी वरून भिंतीत मुरते आणि खालची माती लोण्यासारखी होते. तडा रुंदावतोय का हे पाहायचे तर त्यावर तारीख लिहून कागदाची पट्टी चिकटवा; फाटली की समजा. फुगवटा आलेल्या भिंतीजवळ मात्र जायचेच नाही, फोटोही लांबूनच काढायचा.

‘आपणच साफ करू’ म्हणून कोयता घेऊन आत शिरणे ही तिसरी. मालकाच्या परवानगीशिवाय शिरलात तर उद्या तक्रार तुमच्यावरच. झाड तोडायला 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. शिवाय पडलेल्या कौलांखाली घोणस असू शकते, तिचे काम वनखात्याच्या किंवा जाणकार सर्पमित्राच्या हाती सोपवा.

विहिरीचे वेगळे. डासांच्या भीतीने कोणी तिथे रॉकेल किंवा फिनेल ओतते. असे कधीच करू नका, कारण झरे एकच असतात आणि तुमच्या बावीत तेच उतरेल. आरोग्य केंद्राला कळवा, ते गप्पी मासे सोडतात. डेंगूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, म्हणून पावसाळ्यात पाण्याचे डबे, नारळाच्या करवंट्या आठवड्यातून एकदा उपड्या करा. आमच्या त्या घराच्या अंगणात सापडलेल्या करवंट्यांपैकी निम्म्या तर आमच्याच स्वयंपाकघरातल्या होत्या. पडीक जागा दिसली की पिशवी भिरकावायची, आणि तक्रारही आपणच करायची!

शेवटची चूक सगळ्यात महाग पडते. एखादा वाटेकरी येतो आणि म्हणतो, “सगळे घर स्वस्तात देतो, बाकीच्यांचे मी बघतो.” सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या नसतील तर तुम्ही घर नव्हे, कोर्टाची तारीख विकत घेता. परदेशी गेलेल्यांच्या आणि वारलेल्यांच्या जमिनी खोट्या कागदांवर लाटल्याची प्रकरणे इतकी वाढली की सरकारला 2022 मध्ये खास तपास पथक नेमावे लागले. त्या काकांनाही असा एक दलाल भेटून गेला होता. त्यांनी त्याला चहा पाजला आणि इन्व्हेंटरीसाठी वकील गाठला.