जीनसंचांचं विश्लेषण : या चुका टाळा

जीनसंच म्हणजे एकाच कामाशी जोडलेल्या जीनचा गट. तुमच्या प्रयोगात बदललेल्या जीनमध्ये असा एखादा गट योगायोगापेक्षा जास्त दिसतो का, हे या विश्लेषणात तपासतात. पार्श्वभूमीची यादी, म्हणजे ज्या जीनशी तुलना करायची त्यांची यादी, न देता 'रन' दाबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. यादी दिली नाही की बरीच साधनं आपणहून सगळे ज्ञात जीन गृहीत धरतात आणि गणित तिथेच बिघडतं. एखाद्या औषधाचा परिणाम पाहायला घेतलेले यकृताचे नमुने घेऊ. समजा एकूण जीन २०,०००, मेदाच्या चयापचयाच्या संचात २००, आणि तुमच्या बदललेल्या जीनच्या यादीत ४००. योगायोगाने ४ जुळायला हवेत, जुळले १०. पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतके किंवा जास्त जुळण्याची शक्यता) ०.०१ च्या खाली! लगेच आलेख काढून होतो. पण यकृतात मोजता येण्याजोगे जीन १२,०००च असले आणि संचातले १९० त्यांत असले, तर योगायोगानेच सहाच्या वर जुळतात. मग त्याच १० ची पी-व्हॅल्यू ०.१ च्या आसपास जाते. पहिल्या निकालाने औषधाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. नमुना यकृताचा आहे, एवढंच सांगितलं होतं. कमी काउंटचे (नमुन्यात फार कमी वेळा मोजले गेलेले) जीन गाळून चाचणीत जे उरतात, त्यांची फाइल त्याच क्षणी जतन करा. पार्श्वभूमी तीच. ती फाइल नसेल तर निकाल वाचूही नका.

दुसरी चूक घाईची. जीएसईए ही जीनसंच तपासायची एक पद्धत; योगायोगाने काय दिसेल हे ती माहिती पुन्हा पुन्हा अदलाबदल करून ठरवते. तिच्यात नमुन्यांची लेबलं (कोणता नमुना कोणत्या गटातला) फिरवायची की जीन? तीनास तीन नमुने असले तर लेबलांच्या मांडण्या होतात अवघ्या २०. तिथे किती वेळा फिरवायचं याच्या रकान्यात १,००० चा आकडा भरून काही हाती लागत नाही. म्हणून नवखे जीन फिरवतात आणि संचांची रांग लागली की खूश होतात. पण एका संचातले जीन बहुधा एकत्रच वर-खाली होतात. जीन फिरवले की हे नातं तुटतं आणि पी-व्हॅल्यू उगाच लहान येते. दर गटात किमान सात नमुने असतील तर लेबलंच फिरवा. नसतील तर हा सहसंबंध हिशेबात धरणारी 'कॅमेरा' पद्धत वापरा. जीन फिरवलेच, तर एफडीआरची (निवडलेल्या निकालांत खोटे किती असू शकतात त्या प्रमाणाची) मर्यादा २५ टक्के नको, ५ टक्के ठेवा.

जीनची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. 'सेप्ट२' या जीनच्या नावाची तारीख होते. २०२० मध्ये ही नावं बदलली, पण जुन्या फाइलींत ती अजून आहेत. नावांऐवजी एन्सेम्बल आयडी (एन्सेम्बल या डेटाबेसने प्रत्येक जीनला दिलेला क्रमांक) वापरा.

१५ जीनपेक्षा लहान आणि ५०० पेक्षा मोठे संच आधीच गाळा.

आणि यादीत वर आलेले दहा संच म्हणजे दहा शोध नव्हेत. प्रत्येकातले जुळलेले जीन शेजारी शेजारी लिहा. पुष्कळदा तेच बारा जीन दहा नावांखाली बसलेले दिसतात.