हार्टसाठी भाज्या-फळं वाढवायची? मग आधी बाजाराची पिशवी बदला

डॉक्टर म्हणतात "भाज्या-फळं वाढवा, तेल-मीठ कमी करा". मग घरी काय होतं, तर चार दिवस सकाळी दुधीचा रस, पुढचे चार दिवस एक सफरचंद, आणि नंतर गाडी परत बटाट्याच्या काचऱ्यांवर. सल्ला बरोबरच असतो हो, पण मोघम असतो. किती खायची, कुठली आणायची, आणलेली फ्रीजमध्ये सडू न देता पोटात कशी घालायची हे कोणी सांगत बसत नाही. ते इथे लिहितेय.

आधी किती ते बघू. डब्ल्यूएचओ म्हणतं माणशी रोज कमीत कमी 400 ग्रॅम, फळं आणि भाज्या मिळून. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात आकडा आणखी वर आहे, 400 ग्रॅम भाज्या आणि वर 100 ग्रॅम फळं. आता चौघांचं घर धरा आणि गुणाकार करा, आठवड्याला 11 किलोच्या वर भाजी आणि जवळपास 3 किलो फळं! एकदा मंडईतून आल्यावर पिशवी वजनकाट्यावर ठेवून बघाच, आणि त्यातून बटाटे-कांदे बाजूला काढून बघा. बटाटा डब्ल्यूएचओ भाजीत धरतच नाही, रताळंही नाही, आणि साबुदाणा तर मुळात कंदाचा स्टार्चच, त्यामुळे "आज उपास होता म्हणजे हलकंच खाल्लं" हा हिशोब हार्टच्या वहीत चालत नाही. उपासाला काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची तुपातली भाजी आणि एखादं फळ, हे मात्र खुशाल धरा.

आकडा बघून घाबरू नका, एकदम 14 किलो कोणी आणत नाही. आत्ता जेवढी येते त्यात दर आठवड्याला दोन गोष्टी वाढवत गेलात तरी महिन्याभरात फरक दिसतो. पोटालाही सवय लागावी लागते, फायबर अचानक वाढवलं की गॅस होतात आणि मग सगळं खापर भाजीवर फुटतं. पाणी पण वाढवा बरोबर.

आता "व्हरायटी" कशासाठी, रोज एकच चांगली भाजी भरपूर खाल्ली तर का नाही चालत? कारण हार्टला लागणाऱ्या गोष्टी एका भाजीत सापडत नाहीत. पोटॅशियम किडनीला जादाचं सोडियम बाहेर टाकायला मदत करतं आणि बीपी उतरायला हातभार लावतं, ते केळी, पालक, टोमॅटो, शहाळं यात चांगलं असतं. विरघळणारं फायबर वेगळं. ते आतड्यात पित्तातल्या आम्लांना धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं खाली येतं. ते भेंडी, गवार, पेरू, संत्री, सफरचंद यांच्यात. (भेंडीचा जो चिकटपणा आपण एवढा आटापिटा करून घालवतो ना, तोच कामाचा.) तिसरं म्हणजे पालेभाज्या आणि बीट यातले नायट्रेट, त्यांच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या जरा सैलावतात.

अमेरिकेत 1997 मध्ये डॅश नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांना आठ आठवडे जेवण तयार करून दिलं होतं. भरपूर फळं-भाज्या आणि कमी फॅटचं दूध-दही असलेल्या जेवणाने बीपीवाल्यांचं वरचं बीपी सरासरी 11 अंकांनी उतरलं, आणि तेही मीठ तेवढंच ठेवून, वजन न घटवता. याचा अर्थ गोळ्या बंद करा असा अजिबात नाही, पण ताटात ताकद आहे एवढं नक्की.

बरं, बाजारात उभं राहिल्यावर पोटॅशियम आणि नायट्रेट कोण आठवणार. म्हणून सोपी युक्ती. भाजी घेताना झाडाचा भाग बघायचा. पाला, शेंग, वेलावरचं फळ, जमिनीखालचं, आणि फूल-कोबी. पाचही प्रकारातलं काहीतरी पिशवीत पडलं की व्हरायटी आपोआप झाली. पाला म्हणजे फक्त मेथी-पालक नव्हे, शेपू, चुका, चाकवत, लाल माठ, तांदुळजा, अंबाडी, करडई, राजगिरा, हरभऱ्याचा पाला, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला… यातले निम्मे तर मेथीपेक्षा स्वस्त मिळतात. शेंगांमध्ये गवार, घेवडा, वालपापडी, चवळीच्या शेंगा, शेवगा. वेलावरचं म्हणजे दोडका, पडवळ, घोसाळं, कारलं, दुधी, भोपळा, तोंडली (वांगं, भेंडी वेलावर येत नाहीत पण त्यांना याच कप्प्यात घाला, कोणी परीक्षा घेत नाहीये). जमिनीखालचं म्हणजे गाजर, बीट, मुळा. एक नियम मात्र माझा पक्का आहे, दर वेळी एक तरी भाजी अशी घ्यायची जी मागच्या वेळी घेतली नव्हती. करायची कशी माहीत नसेल तर भाजीवाल्या मावशींना विचारा, त्या उभ्या उभ्या रेसिपी सांगतात आणि बरेचदा ती यूट्यूबपेक्षा बरी निघते.

पावसाळ्यात तर चंगळच. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी, शेवळं, कोकण-ठाणे पट्ट्यातल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. शेवळं मात्र माहितीच्या माणसाकडून शिकून करा, काकडं (ही आंबट रानफळं) किंवा चिंच घातल्याशिवाय घसा खाजतो. आणि न ओळखता रानातलं काही तोडून आणायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तसं आपल्याकडे मिश्र भाजी नवीन नाही. भोगीला गाजर, वांगी, पावटा, सोलाणे, शेंगदाणे, तीळ असं सगळं एका पातेल्यात, बरोबर बाजरीची भाकरी. ऋषिपंचमीची भाजी, गौरींच्या सोळा भाज्या, गोव्यात तिरफळं घालून खतखतं. प्रॉब्लेम एवढाच की हे सगळं वर्षातून एकदा. दर शनिवारी फ्रीजमधलं उरलंसुरलं काढून भोगीस्टाईल भाजी करा की. दोन गाजरं, एक वांगं, मूठभर वालाच्या शेंगा, भोपळ्याची फोड, जे असेल ते. तेल चमचाभर, तिळाचं कूट, थोडा गूळ, गोडा मसाला, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. नैवेद्याचीच पाहिजे असं थोडीच आहे.

नोकरी करणाऱ्यांचा खरा घोळ इथे होतो, रविवारी उत्साहात सगळं आणलं जातं आणि गुरुवारी शेपूची जुडी काळी पडून कचऱ्यात. यावर उपाय म्हणजे नासण्याच्या क्रमाने खायचं. रविवार-सोमवार पालेभाजी, मंगळवार-बुधवार भेंडी-गवार-दोडका-फ्लॉवर, गुरुवारनंतर कोबी, गाजर, बीट, अख्खा दुधी, लाल भोपळा. पालेभाजी आणली की त्याच दिवशी टीव्हीसमोर बसून निवडून टाका, धुवायची मात्र नाही, कोरड्या फडक्यात किंवा पेपरात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि करायच्या वेळी दोन-तीन पाण्यांनी धुवायची. आणि चिरायच्या आधी धुवायची, चिरून धुतली की जीवनसत्त्वं मोरीत.

निवडायचाच कंटाळा असेल तर लाल माठ किंवा तांदुळजा आणा, त्याला मेथीसारखं पान पान खुडावं लागत नाही. कोवळे देठ बारीक चिरून आधी कढईत टाकायचे, तेल चमचाभर, लसूण चार पाकळ्या ठेचून, एखादी मिरची, देठ जरा मऊ झाले की पाला, झाकण न ठेवता पाचेक मिनिटं. मीठ सगळ्यात शेवटी. पाल्याचा ढीग बघून आधी मीठ घातलं की हमखास जास्त पडतं, कारण शिजल्यावर तो ढीग मूठभर होतो. जाड देठ फेकू नका, डाळीत घाला.

आता स्वयंपाकाचं बोलायलाच पाहिजे, कारण भाजी चांगली आणि करण्याची पद्धत वाईट असं सर्रास चालतं. भरली वांगी तवंग आल्याशिवाय जमली असं वाटतच नाही काही घरांत. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, आणि आपली पळी त्याहून मोठी असते. बाटलीतून थेट ओतायचं बंद करा, चमच्याने मोजा, एवढं केलं तरी खूप. खोबऱ्याचा चव वरून भुरभुरायला ठीक, पण नारळातलं फॅट बहुतेक सॅच्युरेटेड असतं तेव्हा रोज अर्धी वाटी नको. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, चटणी सगळं आलं! भाजीत मीठ कमी वाटलं तर लिंबू, आमसूल, चिंच, दाण्याचं कूट, आलं-लसूण यांनी चव भरून काढता येते. पालेभाजी हिरवीगार राहावी म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय असेल तर ती सोडा, त्यात सोडियम असतंच आणि बी-सी जीवनसत्त्वंही मरतात.

रोज एक कच्चं काहीतरी हवंच. काकडी, गाजर, मुळा, कोबी, टोमॅटो, कांद्याची पात, कशाचीही कोशिंबीर. गाजर किसून लिंबू पिळलं, वर मोहरी-हिंगाची छोटी फोडणी, झालं, आणि त्या थेंबभर तेलाने गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायलाही मदत होते. कोशिंबीर मुलांना जेवण वाढायच्या आधी द्या, भूक लागलेली असताना निमूट खातात.

फळांचं त्यामानाने सोपं, सीझनचं खा. नाशिकची द्राक्षं, नागपूरची संत्री, सोलापूरचं डाळिंब, घोलवडचे चिकू, पुरंदरचे अंजीर, पावसाच्या तोंडावर जांभळं-करवंदं, दसरा-दिवाळीला सीताफळ, थंडीत पेरू-आवळा-बोरं. बाहेरून आलेलं किवी आणि महागडं सफरचंद म्हणजेच "हेल्दी" हा समज कुठून आला देव जाणे, गाडीवरचा पेरू कशात कमी आहे सांगा. (तिखट-मीठ लावलेला नको एवढंच.) फळ चावून खायचं, ज्यूस नाही. मोसंबीच्या एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात, फायबर चोथ्यात राहतं आणि साखर तेवढी पोटात. शुगर असेल तर फळं बंद करायची नसतात, पण एका वेळी एकच, बेताचं, आणि जेवणानंतर आमरस-पुरी हा प्रकार डॉक्टरांशी बोलून.

परदेशात असाल आणि ताजी मेथी मिळत नसेल तर फ्रोझन भाजी बिनधास्त वापरा, फक्त पाकिटावर मीठ किंवा सॉस घातलेला नाही ना ते बघा. टिनच्या बंद डब्यातल्या शेंगा-कडधान्यं गाळून धुवून घ्या, बरंचसं मीठ निघून जातं.

आणि तो दुधीचा रस. सकाळी अनशेपोटी दुधीचा रस घेतला की ब्लॉकेज उघडतात हे व्हॉट्सॅपवर वर्षानुवर्षं फिरतंय. तसं काही होत नाही. उलट दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी घटकामुळे उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव इथपर्यंत जाऊ शकतं, आपल्याकडे माणसं दगावली आहेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि 2012 मध्ये तिचा अहवाल छापून आला, त्यातही कडू रस पिऊ नका असंच सांगितलंय. दुधी चिरल्यावर आधी टोकाचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या, साखर-मध घालून कडूपणा लपवायचा नाही. रस प्यायलात आणि अर्ध्या तासात त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. चण्याची डाळ घालून दुधीची भाजी करा, हवा कशाला रस.

गोळ्या चालू असतील तर हा भाग नीट वाचा. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर किंवा गुठळ्यांसाठी रक्त पातळ करणारी वॉरफरीन किंवा ॲसिनोकुमारॉल असेल तर पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून पालेभाजी बंद करायची नाही, पण आज तीन जुड्या आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही असंही नको, आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं आणि वाढवायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून घ्यायची. किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हार्टच्या गोळ्यांतलं काही चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, अशांनी शहाळं-केळी-पालक मनाने वाढवू नये. बाकीच्यांना मी भाजी उकळून पाणी ओतून देऊ नका म्हणेन, पण किडनीवाल्यांना आहारतज्ज्ञ नेमकं तेच करायला सांगतात, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. स्टारफ्रूट तर किडनी पेशंटने तोंडालाही लावू नये. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं, आणि गणपतीत कोकणात पपनस खातात तेही त्याच घराण्यातलं आहे, तेव्हा पुढच्या व्हिजिटला गोळ्यांची चिठ्ठी बरोबर नेऊन त्याचंही विचारून घ्या.