पेस्ट किती खरखरीत आहे ते पण बघा

आमच्या आईच्या दातांना हिरडीच्या कडेला नख लावलं तर चक्क खाच लागते, वर्षानुवर्षं मिश्री आणि नंतर लाल दंतमंजन, ते पण बोटाने जोर लावून, आता गार पाणी प्यायलं की कळ जाते डोक्यात. म्हणून सांगते, पेस्ट घेताना ती दात किती घासून काढते हे बघा. याचं माप असतं, आरडीए म्हणतात, 250 ही वरची मर्यादा, आकडा जितका कमी तितकी पेस्ट मऊ. पाकिटावर बहुतेक छापलेला नसतो, मग अंदाजाने चालायचं, दात पांढरे करणाऱ्या आणि कोळशाच्या पेस्ट बऱ्याचदा जास्त खरखरीत असतात, सेन्सिटिव्हवाल्या साधारण मऊ. खायचा सोडा खरखरीत वाटतो पण उलट तो बराच मऊ असतो, मला पण आधी खरं वाटलं नव्हतं! हिरडी खाली सरकली असेल तर जास्तच जपा, तिथे उघडं पडलेलं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, वरच्या इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या कडक आवरणापेक्षा, खूप मऊ असतं, लवकर झिजतं. ब्रश सॉफ्टच घ्या, हात हलका ठेवा, आणि लिंबू सरबत किंवा कोकम प्यायल्यावर अर्धा तास तरी ब्रश करू नका.