मुंबईहून पहिली शंभर किलोमीटरची राइड

नोकरी-घर सांभाळून सायकल चालवणाऱ्याला शंभर किलोमीटर जमतात, त्यासाठी खेळाडू असावं लागत नाही. एवढ्या अंतरात पाय सहसा दगा देत नाहीत. आधी कुरकुरतं ते बूड, मग हाताचे पंजे, मग पोट, आणि मध्येच कधीतरी टायर. मुंबईत वर दमट हवा. त्यामुळे तयारी पायांपेक्षा या बाकीच्या मंडळींची जास्त करायची.

आज न थांबता २५ किमी होत असतील तर दोन महिने हाताशी ठेवा. आठवड्यात दोन सकाळी तासभर, आणि रविवारी लांब: ३०, ४०, ५०, मग एक रविवार परत ४० वर, पुढे ६०, ७०, ८०. ज्याला ८० जमले त्याला १०० जमतात, वेगळी १०० ची तालीम लागत नाही. मधल्या दिवसांसाठी मरीन ड्राइव्ह किंवा पाम बीच रोड पुरेसा आहे, फक्त गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत परता.

बैठक

सायकल कितीची आहे यापेक्षा सीटची उंची बरोबर आहे का, हे आधी बघा. भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता पेडलवर चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो. तीच योग्य उंची. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर आहे. बदल एका वेळी ५ मिमीच करा आणि खुणेसाठी सीटपोस्टला चिकटपट्टी लावून ठेवा.

सीट सपाट हवी. बूड दुखतं म्हणून पुष्कळ जण तिचं नाक खाली झुकवतात. मग शरीर पुढे घसरतं, सगळा भार पंजांवर येतो आणि तिसाव्या-चाळिसाव्या किलोमीटरला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. तळव्याच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते, दुसरं काही नाही. दर दहा मिनिटांनी हँडलवरची पकड बदला, कोपर जरा वाकलेलं ठेवा.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नाही. तिची शिवण घामाने भिजून कातडी सोलते आणि पॅडचा उपयोग शून्य होतो. जांघेत व्हॅसलिनचा हात फिरवा. आणि नवी शॉर्ट्स, नवी सीट, नवे बूट यातलं काहीही मोठ्या राइडच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

रस्ता

सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे यांवर सायकलला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा मोटारीसाठी लावलेला असेल तर तो हमखास यांच्यावरच नेऊन सोडतो.

पहिल्या शंभरासाठी वाशी ते खोपोली आणि परत हा मार्ग उत्तम. वाशीहून पनवेल, तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोली. जाऊन-येऊन साधारण शंभर भरतात. रस्ता बहुतेक सपाट, चहा-पाणी जागोजाग, आणि खोपोलीला लोकलचं स्टेशन असल्यामुळे अंगावर बेतलं तर सायकल तिथे कुलूपबंद करून घरी येता येतं. खोपोलीच्या पुढे शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याला चढणारा घाट खुणावतो, पण तो पहिल्या खेपेला नको. चढण साधारण पाचशे मीटर उंचीची आहे आणि उतरताना थकलेल्या हातांनी ब्रेक सांभाळावे लागतात.

दुसरा पर्याय समुद्रापलीकडचा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या, बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, चौल, रेवदंडा, साळावचा पूल ओलांडून काशीद, आणि त्याच वाटेने मागे. हेही शंभराच्या आसपास जातं. रस्ता अरुंद, वळणांचा, नारळी-पोफळीतून जाणारा. मात्र परतीच्या बोटीची वेळ आधी पक्की करा, पावसाळ्यात तर नक्कीच. शेवटची बोट पकडायला जोर मारणाऱ्याला पेटके येतात. आणि कितीही मोह झाला तरी पुळणीवर सायकल घालू नका. खारी वाळू चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये एकदा शिरली की सहज निघत नाही.

वाऱ्याचा हिशेब थोडेच जण करतात. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, तोही मंद. साडेअकरा-बाराच्या पुढे तो फिरतो आणि वायव्येकडून, समुद्रावरून जोरात येऊ लागतो. काशीदहून उत्तरेला मांडव्याकडे किंवा खोपोलीहून पश्चिमेला वाशीकडे परतताना हा वारा तोंडावर बसतो आणि वेग सहज ताशी ४-५ किमीने पडतो. उलट अहमदाबाद हायवेने दहिसरहून मनोरच्या दिशेने जाऊन आलात तर तोच वारा परतीला पाठीशी असतो. पण तिथे कंटेनरची वर्दळ इतकी की एकट्याने, पहिल्याच खेपेला तो रस्ता धरू नये.

म्हणून पाचला निघा. ताशी २० ने पाच तास, थांबे धरून सहा, अकराला घरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस, आणि तेव्हा सूर्य पावणेसात-सव्वासातला उगवतो. म्हणजे पहिले दीड-दोन तास अंधार. मागे लाल दिवा, पुढे किमान ३०० ल्युमेनचा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. पहिले ३० किमी शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने चालवा. पायडल मिनिटाला ७५ ते ९० वेळा फिरलं पाहिजे; त्याहून कमी फिरत असेल तर गिअर हलका करा.

खाणं-पाणी

भूक लागल्यावर खाणाऱ्याला उशीर झालेला असतो. पहिला घास चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाला थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की हे सगळं जर्सीच्या खिशात मावतं. अर्ध्यावर इडली किंवा पोहे चालतात. खालापूरला वडापावचा वास येणारच, पण तेलकट खाऊन उन्हात सायकल मारली तर तो पुढचे वीस किलोमीटर घशाशी येत राहतो. खायचाच तर राइड संपल्यावर.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, घोट-घोट. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही. पोट डबडबतं, मळमळतं, डोकं जड होतं, आणि माणूस ते उन्हाने झालं समजून आणखी पाणी पितो. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस ठेवा. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी घ्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर तहान आणखी वाढते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उन्हात अंगावर शहारा आला, घाम थांबला किंवा भोवळल्यासारखं झालं तर सावली गाठा, मान-डोकं भिजवा आणि त्या दिवशीची राइड तिथेच सोडा.

पंक्चर

हायवेवर काच आणि खिळ्यांपेक्षा त्रास देते ती तार. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात आणि त्यातल्या केसाएवढ्या पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये रुततात. तार बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. कारण जुनी तार आतच असते.

तेव्हा घाई न करता असं करा. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान दातेरी चाकावर आणा, मग चाक काढा. ट्यूब बाहेर काढताना वॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि वॉल्व्हपासूनचं अंतर मोजून टायरची तीच जागा तपासा. टायर आतून बोटांनी सावकाश चाचपा, दोन्ही दिशांनी. बोचेल तिथे टायर उलटा दुमडा, तारेचं टोक वर येतं. ते नेलकटरने चिमटून ओढा. नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, आत बसवा, टायरची कड तळहाताने ढकला. शेवटची वीतभर लिव्हरने, म्हणजे टायर काढायच्या पट्टीने, रेटलीत तर नवी ट्यूबही चिमटून फाटते.

ट्यूबवर शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर तार शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिरडली. ७० किलोच्या माणसाला २८ मिमी रुंद टायरमध्ये ७५ ते ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३२ मध्ये ६० ते ७०; मागे पुढच्यापेक्षा पाचेक जास्त. तुमचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवा, त्याशिवाय रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र क्षण-क्षण थांबवून घ्या, तो मोटारसायकलच्या सवयीने भरतो आणि बारीक ट्यूब भडकन फुटते.

सीटखालच्या पिशवीत हवं: दोन ट्यूब, पॅच, दोन लिव्हर, छोटा पंप, चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, आपल्या गिअरच्या मापाची चेनची जोडकडी, चार झिपटाय, आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. खिशात पाचशे रुपये रोख आणि रक्तगट व घरचा नंबर लिहिलेलं कार्ड.

शंभर दोन-तीनदा निवांत झाले की २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करता येते. तिला साडेतेरा तास मिळतात, चहा-पंक्चर सगळं धरून, म्हणजे ताशी पंधराचीही गरज नाही. वाटेतल्या ठरावीक ठिकाणी वेळेत पोचल्याची नोंद मात्र करावी लागते. एक नोंद राहिली तर पूर्ण २०० किमी चालवूनही राइड धरत नाहीत.