जुन्या गाडीतील कूलंट होजची गळती: शोध आणि दुरुस्ती

मुंबईहून नाशिककडे येताना कसारा घाटाच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर जुन्या गाडीच्या मालकाने रेडिएटरच्या होज पाइपांवर, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या रबरी नळ्यांवर, आधी संशय घ्यावा. उष्णता आणि दाब वर्षानुवर्षे सोसलेले रबर पुष्कळदा आतून खराब होत जाते आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसते, त्यामुळे बॉनेट उघडून नुसती नजर फिरवणे पुरेसे नसते.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी वारंवार खाली जात असेल, तर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर हिरवा किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग दिसल्यास तो कूलंटचा समजावा. एसीचे पाणी रंगहीन असते. थेंब ओघळत दूर जाऊन पडू शकतो, म्हणून डागाच्या बरोबर वरचाच भाग दोषी असेल असे नाही. सांडलेले कूलंट मात्र लगेच धुऊन टाकावे, कारण त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असले तरी कुत्र्या-मांजरांसाठी ते जीवघेणे विष आहे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावावा. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. प्रत्येक होज दोन्ही टोकांना, क्लिपच्या अगदी जवळ, चिमटीत दाबून पाहावा. तेथे तो लिबलिबीत लागला, दाबताच बारीक भेगा उघडल्या किंवा क्लिपच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसला, तर गळतीची जागा सापडलीच म्हणावे. खालचा होज आणि हीटरकडे जाणारे बारीक पाइप अडचणीत असल्याने तपासायचे राहून जातात. तेथे टॉर्च आणि छोटा आरसा वापरावा. काही गळती फक्त थंडीत, रबर आकसल्यावर होते आणि इंजिन तापताच थांबते, म्हणून पहाटेची तपासणी चुकवू नये. होज कोरडे असूनही थेंब पडत असतील, तर वॉटर पंपाखालचे छिद्र पाहावे. पुढच्या सीटपाशी चटई ओली असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर पाहावा.

भेग अगदी टोकाला असेल आणि होजला पुरेशी लांबी असेल, तर तेवढा तुकडा कापून तो पुन्हा बसवता येतो. टेप गुंडाळून गॅरेजपर्यंत पोहोचता येईल, त्यापलीकडे तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. एक होज गेला असेल, तर त्याच वयाचे बाकीचेही बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बदलताना कूलंट बादलीत काढून घ्यावे. चिकटलेला होज ओढू नये, कारण त्याने होज जिच्यावर बसतो ती रेडिएटरची नळी तुटू शकते. ब्लेडने त्याला लांबीच्या दिशेने चीर द्यावी. नळीवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करून नवा होज पूर्ण आत सरकवावा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवावी, आणि रबरात रुतेल इतकी आवळू नये.

भरताना बोअरचे पाणी टाळावे, कारण त्यातील क्षार आत साचतात. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करावे आणि अडकलेली हवा निघेपर्यंत पातळी राखावी. पहिली फेरी मारून इंजिन पूर्ण निवल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात आणि खाली गेलेली पातळी भरून घ्यावी.